लेबल वाईट की कथा?

फॅन फिक्शनचा, म्हणजे चाहत्यांनी आपल्या आवडत्या मालिका-पुस्तकांतल्या पात्रांवर लिहिलेल्या कथांचा, विषय निघाला की एक शेरा हमखास ऐकू येतो: "मेरी स्यू, स्लॅश, साँगफिक आणि खऱ्या माणसांवरच्या कथा उगीच बदनाम नाहीत. पहिल्यात पोरकट मुलींचं स्वप्नरंजन, दुसऱ्यात चावटपणा, तिसऱ्यात आळस, चौथ्यात विकृती." एकेक आरोप घेऊ. सगळेच खोटे आहेत असं माझं म्हणणं नाही.

आधी मेरी स्यू, म्हणजे लेखिकेने स्वतःच्याच रूपात कथेत घातलेली सर्वगुणसंपन्न नायिका, कारण हेच नाव सगळ्यात जास्त फेकून मारलं जातं. ते चाहत्यांच्या घरातूनच आलंय. १९७३ साली पॉला स्मिथ या 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेच्या चाहतीने 'मेनाजरी' या फॅनझीनमध्ये, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या नियतकालिकात, एक इटुकली विडंबनकथा छापली. नायिका लेफ्टनंट मेरी स्यू, वय साडेपंधरा, ताफ्यातली सर्वांत तरुण अधिकारी. कॅप्टन पाहताक्षणी प्रेमात, अंगी सगळे गुण, शेवटी करुण मृत्यू आणि सगळे ढसाढसा रडतायत. स्मिथचा नेम होता फुकटात मिळालेल्या थोरवीवर. पुढे शब्द असा सुटला की जरा कर्तबगार नायिका दिसली की ती मेरी स्यू! आणि पोरकटपणा मुलींचाच म्हणाल, तर १९८७ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या मालिकेत वेस्ली नावाचा एक किशोर पुन्हा पुन्हा जहाज वाचवतो. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांचं मधलं नावही वेस्लीच. त्या पोरावर प्रेक्षक वैतागले खरे, पण म्हणून विज्ञानकथा हा प्रकारच पोरकट आहे असं कोणी म्हटलं नाही.

स्लॅश म्हणजे दोन पुरुष पात्रांच्या नावांमधली ती तिरकी रेघ, आणि तिच्यावरून त्या दोघांच्या प्रेमाच्या कथा. रेघ रूढ झाली ती 'स्टार ट्रेक'मधला कॅप्टन कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक या जोडीवरून. त्या जोडीवरची छापून आलेली पहिली कथा १९७४ची, डायन मर्चंट यांची. त्यात पात्रांची नावंसुद्धा घातलेली नव्हती, इतकी धास्ती. स्लॅशमध्ये उघडी शृंगारिक दृश्यं असतात, भरपूर असतात, हे कबूल. पण शेवटपर्यंत हातात हात घेण्यापलीकडे न जाणाऱ्या कथांवरही चावटपणाची लाल रेघ कित्येकांनी ओढली. स्त्री-पुरुषांच्या कथेत जे चुंबन कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही, ते दोन पुरुषांनी घेतलं की 'फक्त प्रौढांसाठी' होतं. मग आक्षेप शृंगारावर आहे की जोडीवर?

साँगफिकबद्दल मी फार भांडणार नाही. दोन परिच्छेद, मग गाण्याचं कडवं, पुन्हा दोन परिच्छेद. कडवी मीही डोळे मिटून ओलांडते. भावना उभी करायचं काम गाण्यावर ढकलणं हा आळसच. शिवाय त्या ओळींचे हक्क दुसऱ्याचे, म्हणून 'फॅनफिक्शन डॉट नेट'ने असे उतारे नियमातच बसू दिले नाहीत.

या सगळ्यात एक साधी गोष्ट निसटते. लेबल बदनाम झालं की हात बसलेले लेखक ते लावायचंच सोडतात. स्वतःला कथेत घालणारी कुशल लेखिका टॅग लावते 'ओरिजिनल फीमेल कॅरेक्टर', म्हणजे तिने स्वतः घडवलेलं स्त्री पात्र. जुन्या लेबलाखाली उरतात नवशिके, ज्यांना ही बदनामी ठाऊकच नसते. मग त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचं, बघा, प्रकारच वाईट.

राहिला चौथा आरोप, खऱ्या माणसांवरच्या कथा म्हणजे विकृती, आणि तो सगळ्यात गंभीर. १८२६ साली पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणून गाजलेल्या ब्राँटे बहिणींच्या घरी खेळण्यातले लाकडी सैनिक आले. त्यांतल्या शार्लटने आपल्या सैनिकाला नाव दिलं ड्यूक ऑफ वेलिंग्टन, नेपोलियनला हरवणाऱ्या सेनापतीचं. खरा ड्यूक तेव्हा हयात होता. तरी पुढे कित्येक वर्षं ती त्याच्या आणि त्याच्या मुलांच्या कपोलकल्पित कहाण्या लिहीत राहिली, प्रेमप्रकरणांसकट. तिला कोणी विकृत म्हणत नाही, अभ्यासक त्या वह्या जपून वाचतात. पण त्या वह्या ड्यूकच्या हातात कोणी नेऊन दिल्या नव्हत्या. आज एखाद्या नटाला मुलाखतीत त्याच्यावरची शृंगारकथा वाचायला लावतात, लोक हसतात, तो कसनुसा होतो. खऱ्या माणसांवर लिहिणाऱ्यांमध्ये याविरुद्ध जुना दंडक आहे: ज्याच्यावर लिहिलं त्याच्यापर्यंत ते जाऊ द्यायचं नाही. तो मोडणारे बऱ्याचदा लिहिणारे नसतातच, गंमत बघायला आलेले असतात.