बाकी काही बदललं नाही म्हणे

आज जावातल्या एका कोड रिव्ह्यूत वाचलं, "फक्त लोकलच्या जागी रिमोट ॲनोटेशन टाकलंय, बाकी काही बदललं नाही." डोकंच फिरलं.

ॲनोटेशन म्हणजे कोडवर लावायची छोटी खूण: लोकल म्हणजे कॉल त्याच प्रोग्राममध्ये, रिमोट म्हणजे नेटवर्कपलीकडे. बाकी काही नाही? अरे, मेथडला दिलेली लिस्ट आता तीच राहिली नाही, तिची कॉपी जाते पलीकडे!

भोगलंय मी हे. आमची एक मेथड होती, तिला रिकामी लिस्ट द्यायची, चुकलेल्या नोंदी ती त्यात भरायची. तिचं बीन (ती मेथड ज्यात होती तो सर्व्हरवरचा घटक) लोकल होतं तोवर झकास. कुणीतरी एक ॲनोटेशन बदललं. कंपाइल झालं, साधी वॉर्निंगसुद्धा नाही. पलीकडच्या लॉगमध्ये १७ चुका, अलीकडे लिस्टचा साइझ शून्य. आणि आमच्याकडे शून्य म्हणजे सगळं ठीक! दोन दिवस घातले त्यात.

जुन्या आरएमआयला (जावाची नेटवर्कपलीकडच्या मेथडला कॉल करायची सोय) हसतात सगळे. १९९७ च्या जावा १.१ मधलं ते, रिमोट इंटरफेस एक्स्टेंड करा, प्रत्येक मेथडवर 'थ्रोज रिमोटएक्सेप्शन' लिहा, म्हणजे नेटवर्कची चूक येऊ शकते हे सांगा. कटकट होती, मान्य. लोक रिकामे कॅच, म्हणजे चूक पकडून काहीच न करणारे, लिहून मोकळे व्हायचे (मीही). पण कंपायलर गचांडी धरून विचारायचा तरी, मधलं नेटवर्क गेलं तर काय करशील? २००६ मध्ये ईजेबी ३.० (असे बीन लिहायचं जावाचं मानक) आलं, ॲनोटेशन आलं आणि ते विचारणंच बंद झालं. याला म्हणे सुटसुटीतपणा.

जावा बनवणाऱ्या सन कंपनीतल्या चौघांनी १९९४ लाच लिहून ठेवलं होतं की लोकल आणि रिमोट ऑब्जेक्ट एकसारखे भासवू नका. त्यांतल्याच ॲन वॉलरथ यांनी पुढे आरएमआय घडवलं. उगाच नव्हता तो एक्सेप्शन!

म्हणाल, तो जुना रिमोट इंटरफेस असता तरी लिस्टची कॉपीच गेली असती. गेली असती. पण कॉल करणारी फाइल कंपाइल झाली नसती, झक मारत उघडावी लागली असती, आणि ती लिस्ट डोळ्यांना दिसली असती. इथे त्या फाइलला कुणी हातच लावला नाही.

असं एक्स्टेंड करायला लावणं, म्हणजे वारसा (इन्हेरिटन्स), सगळं गोड असंही नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये रिमोट व्हायला मार्शलबायरेफऑब्जेक्ट एक्स्टेंड करावा लागायचा; क्लासला एकच बेस क्लास मिळतो, तो एकुलता एक यानेच खाऊन टाकला. आणि ॲपलच्या स्विफ्ट भाषेच्या ५.७ मधलं 'डिस्ट्रिब्युटेड' पाहिलं तर माझा राग जरा उतरतो. एक शब्दच लावायचा, पण बाहेरून कॉल करताना 'ट्राय अवेट' लिहिल्याशिवाय कंपायलर पुढे जाऊ देत नाही. हे चालेल मला.

रिव्ह्यूवर लिहिलेली तिखट कमेंट पुसली शेवटी. पोरगं नवीन आहे, मला तरी कुठे कुणी सांगितलं होतं. त्याच्या मेथडचा तिसरा पॅरामीटर लिस्टच आहे. एवढंच विचारलं, "ही कोण भरतं?"

अजून उत्तर नाही.