टोपी कोणती उचलणार?

२०२४च्या नोव्हेंबरात जेद्दाहला आयपीएलचा लिलाव झाला आणि बिहारच्या १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला राजस्थान रॉयल्सने १ कोटी १० लाखांना घेतलं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. साताऱ्याच्या मामांचं म्हणणं, "एवढ्याशा पोराच्या हातात कोटी दिले की त्याचं वाटोळंच. अमेरिकेत बरं आहे, पोरं खेळतात पण कॉलेजात शिकता शिकता." पुण्याच्या मावसभावाचा सूर वेगळा: "आपल्याकडे दहावीला क्रीडा गुण मिळवले की शाळेचा आणि खेळाचा संबंध संपला. तिकडच्यासारखं हवं." दोघांच्याही बोलण्यात अमेरिका होती. पण ती अमेरिका मी राहतो तिथे तरी मला कधी भेटलेली नाही.

मी मिशिगनमध्ये कँटनला राहतो. डेट्रॉईट आणि ॲन आर्बरच्या मधलं हे उपनगर. मोटारींच्या धंद्यामुळे पुण्या-पिंपरीची माणसं या भागात बक्कळ. शेजारचं गाव बेलव्हिल. जेद्दाहच्या लिलावात वैभवचं नाव पुकारलं गेलं त्याच्या चार दिवस आधी, २१ नोव्हेंबरला, बेलव्हिल हायस्कूलच्या ब्राइस अंडरवुड या १७ वर्षांच्या मुलाने जाहीर केलं की लुइझियाना स्टेट विद्यापीठाला (एलएसयू) दिलेला शब्द आपण मागे घेतोय आणि मिशिगन विद्यापीठाकडून फुटबॉल खेळणार आहोत. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल, आणि मुलगा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळा खेळ ज्याच्या हातातून सुटतो तो. त्या वर्षी देशभरातल्या शाळकरी खेळाडूंत त्याचा नंबर पहिला होता. करार जाहीर झाला नाही, पण बातम्यांत दहा-बारा मिलियन डॉलरचा आकडा फिरत होता. आपल्या हिशेबात ८० ते १०० कोटी. ओरॅकलच्या लॅरी एलिसन यांनी यात हात सैल सोडल्याचं छापून आलं. त्यांची पत्नी मिशिगनचीच माजी विद्यार्थिनी.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ऑफिसात कॉफी मशीनपाशी नुसती जत्रा. आमचा क्वालिटी मॅनेजर पन्नाशी उलटलेला, दोन नातवंडांचा आजोबा. स्वतःच्या टीममधलं कोण कधी रजेवर आहे हे त्याला सांगावं लागतं. पण हा मुलगा सहा फूट चार इंच आहे, नववी-दहावीत असतानाच त्याने शाळेला राज्याचं अजिंक्यपद दोनदा मिळवून दिलं, एलएसयूकडून तो कुठल्या आठवड्यात सुटायला लागला, सगळं तोंडपाठ. ही माहिती देणाऱ्या वेबसाइटला तो दरमहा पैसे भरतो. बायकोला ठाऊक नाही, असं हसत सांगतो.

मामांना इथे कॉलेज फुटबॉल म्हणजे काय याची कल्पना यावी म्हणून एकच सांगतो: ॲन आर्बरच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. वानखेडे तीनदा भरेल आणि वर माणसं उरतील, आणि तरी हंगामातल्या शनिवारी ते भरतं. बऱ्याच राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल कोच असतो.

या सगळ्याचा कणा म्हणजे रिक्रूटिंग, शाळकरी खेळाडूंना आपल्या विद्यापीठाकडे ओढणं. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉलच्या लीगमध्ये संघ खेळाडू निवडतो, आयपीएलच्या लिलावातही तसंच. खेळाडूला कोणी विचारत नाही. कॉलेजात मात्र मुलगा विद्यापीठ निवडतो. त्यामुळे सगळी उतरंड उलटी होते. लाखो डॉलर पगाराचा कोच शाळकरी पोराच्या घरी जाऊन सोफ्यावर बसतो, आईच्या हातचं खातो, आजीला शब्द देतो. कोचच्या खाजगी विमानाचा माग काढून ते कुठल्या गावात उतरलं यावरून कोणाशी बोलणी चालली असतील याचा अंदाज बांधणारे चाहतेही आहेत. मुलांना दोनपासून पाचपर्यंत तारे देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांतल्या एका मोठ्या यादीत दर वर्षी पाच तारे साधारण ३२ जणांनाच, कारण एनएफएलच्या पहिल्या फेरीत ३२ निवडी होतात. ताऱ्यांचं गणित सर्रास चुकतं, तो भाग निराळा. २०२५मध्ये एनएफएलने सर्वांत आधी निवडलेला कॅम वॉर्ड शाळेत असताना एकाही ताऱ्याचा धनी नव्हता. सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्ड या छोट्या विद्यापीठातून त्याची सुरुवात झाली.

मग डिसेंबरात सह्यांचा दिवस. शाळेच्या जिममध्ये टेबल, त्यावर शाळेच्या रंगाचं कापड, कापडावर तीन-चार विद्यापीठांच्या टोप्या. मुलगा मधोमध, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला कोच, पुढे मोबाइल उंचावलेले वर्गमित्र. देवाचे, आईचे, कोचचे आभार मानून होतात. हात एका टोपीकडे जातो, ती उचलली जाते आणि पुन्हा खाली ठेवली जाते. खोलीत हशा पिकतो. पण शेकडो मैलांवर बसलेल्या माझ्या मॅनेजरसारख्या माणसांचा जीव तेवढ्यात वरखाली झालेला असतो. मग दुसरी टोपी डोक्यावर चढते.

इथपर्यंत मजा आहे, मीही बघतो. पुढचं बघवत नाही. ज्या विद्यापीठाची टोपी खाली राहिली त्याचे चाहते त्या पोराच्या अकाउंटवर जाऊन काय काय लिहितात ते वाचावं. चाहत्यांनी मुलांना गळ घालू नये असा नियम आहे, विद्यापीठं त्याची वारंवार आठवण करून देतात, पण ते वाचतं कोण? सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला बापाच्या वयाची माणसं आधी लाडीगोडी लावतात आणि त्याने नाही म्हटलं की शिव्या घालतात. अंडरवुड पहिल्याच वर्षी संघात आला. २०२५च्या नोव्हेंबरात ओहायो स्टेट या जुन्या वैऱ्याने मिशिगनला ॲन आर्बरमध्येच २७-९ असं हरवलं, तेव्हा कॉफी मशीनपाशी त्याच्या नावापुढे डॉलरचा आकडा लावूनच बोललं जात होतं. पोरगा तेव्हा १८ वर्षांचा होता.

इथल्या माणसांचं यावरचं ठरलेलं उत्तर: पैशाने सगळं नासलं. मला ते पटत नाही, आणि मामांचंही याच कारणासाठी पटत नाही.

पैसा इथे कायमच होता. फक्त तो मुलापर्यंत पोचत नव्हता. २०२१पर्यंत खेळाडूला मिळायची मुख्यतः फी, राहणं आणि जेवण. तिकिटं, टीव्हीचे हक्क, त्याच्या नंबराची जर्सी, यातली दमडी त्याची नव्हती. २००८मध्ये टेरेल प्रायर हा देशातला पहिल्या क्रमांकाचा शाळकरी खेळाडू होता. तो ओहायो स्टेटला गेला. २०१०च्या डिसेंबरात त्याच्यासह पाच जणांवर पाच-पाच सामन्यांची बंदी आली. गुन्हा काय? स्वतः जिंकलेल्या अंगठ्यांसारख्या वस्तू विकल्या आणि टॅटू स्वस्तात गोंदवून घेतले. पुढे त्या प्रकरणात कोचलाही जावं लागलं. आमच्याकडचे मिशिगनवाले या प्रकरणावर अजून खुशीत बोलतात. जिंकलेल्या अंगठीवरसुद्धा पोराचा हक्क नव्हता, हे त्या खुशीत कोणाच्या मनात येत नाही.

२०२१च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी कॉलेज खेळांच्या संघटनेला, एनसीएएला, फटकारलं. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळ्या मतात लिहिलं त्याचा आशय असा की, कामाचे रास्त पैसे न देणं हाच आमच्या मालाचा गुण आहे, असं म्हणत दुसरा कुठलाही धंदा या देशात सुटू शकत नाही. पुढच्याच महिन्यात मुलांना आपलं नाव आणि छबी विकायची मुभा मिळाली. २०२५च्या जुलैपासून विद्यापीठं थेट वाटा देऊ लागली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साधारण २०.५ मिलियन डॉलरपर्यंत. आणि नेमकं तेव्हापासून इथल्या लोकांना शिक्षणाचं पावित्र्य आठवू लागलं. कोचचा पगार वाढत होता तेव्हा ते पवित्रच होतं.

जोखीम आहे, नाही कशाला म्हणू? १७व्या वर्षी वकील, एजंट, टॅक्स हे सगळं मुलाच्या गळ्यात पडतं. फ्लोरिडा विद्यापीठाकडे वळलेल्या जेडन रशाडा या क्वार्टरबॅकचा जवळपास १४ मिलियन डॉलरचा करार फिसकटला आणि तो कोचविरुद्ध कोर्टात गेला. पण यावर तोडगा चांगला वकील हा आहे. पैसेच देऊ नयेत, हा नाही.

मावसभावाला हवी असलेली शाळा इथे आहे खरी. गावोगाव मैदान, शुक्रवारी रात्री दिव्यांच्या उजेडात सामना, बँड, अख्खं गाव हजर. सुमारे दहा लाख मुलं शाळेकडून फुटबॉल खेळतात आणि त्यांतली शंभरात सातेक कॉलेजच्या संघात पोचतात. बाकीच्यांना खेळायला मिळालं, एवढं पुरे आहे, आणि ते आपल्याकडे यावं असं मलाही वाटतं.

मात्र शाळकरी पोरांवर नजर ठेवणं हा काही अमेरिकेचा शोध नाही. मुंबईत हॅरिस शील्डचे धावफलक वाचून नावं लक्षात ठेवणारी पिढी होती. १९८८ची सचिन-कांबळीची ६६४ची भागी सांगताना लोक अजून खुर्चीत सरसावून बसतात. २०१६च्या जानेवारीत कल्याणच्या प्रणव धनावडेने शाळेच्या सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हा अख्खा महाराष्ट्र त्या रिक्षाचालकाच्या मुलाच्या प्रेमात पडला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्याच वर्षी धावा आटल्या म्हणून वडिलांनी ती स्वतःहून थांबवायला सांगितली. पैशापेक्षा त्या अपेक्षांचंच ओझं पोराला झालं असणार, असं मला वाटतं. इतका अब्रूदार बाप मी इथल्या बाजारात अजून पाहिलेला नाही, पण त्याच्यावर ही वेळ यावी का?

आणि आपलं खरं रिक्रूटिंग क्रिकेटमध्ये नाहीच, ते क्लासमध्ये आहे. दहावीत झळकलेल्या पोराला लातूर किंवा कोट्याच्या क्लासने फी माफ करून ओढायचं, दोन वर्षांनी नीटच्या निकालाला त्याचा फोटो एसटी स्टँडसमोरच्या होर्डिंगवर चढवायचा आणि त्या फोटोवर पुढच्या हजार मुलांची फी गोळा करायची. एकच चेहरा तीन क्लासच्या जाहिरातीत हसताना आपण सगळ्यांनीच पाहिलाय. त्या चेहऱ्याला यातून काय मिळालं, हा प्रश्न मामांच्या ग्रुपवर आजवर कोणी टाकलेला नाही. तिथे कोणाचं वाटोळं होत नाही बहुतेक.

त्याच २०२४च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासच्या जाहिरातींसाठी नियम काढले. विद्यार्थ्याचं नाव, फोटो वापरायचा तर लेखी संमती हवी, आणि तीही निकाल लागल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या अर्जात आधीच सही घेऊन ठेवलेली चालणार नाही. उत्तम नियम आहे. लिलावाच्या गदारोळात तो ग्रुपवर कोणाला दिसला नाही. पैशाबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही. संमती द्यायची तर मोबदला ठरवून, मुलाच्या नावच्या खात्यात, एवढी मागणी पालकांनी करायला हरकत नाही. ती झाली की शिक्षणाचा बाजार मांडला म्हणून पहिली बोंब क्लासवालेच मारतील.