विद्यापीठाचा उज्ज्वल इतिहास कसा लिहावा

मुलीच्या प्रवेशाच्या निमित्ताने अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका विद्यापीठाची गुळगुळीत पुस्तिका नुकतीच हाती पडली. 'आम्ही कृष्णवर्णीयांसाठी दारं खुली केली', एवढी एक ओळ आणि खाली हसरा फोटो. दारं मुळात बंद कोणी केली होती, ते छापायला जागा उरली नसावी. असा इतिहास तुम्हालाही जमेल.

कोर्टाचं नाव काढू नका. कृष्णवर्णीयांच्या प्रवेशाचे खटले लढवणाऱ्या थर्गुड मार्शल या वकिलांचं तर मुळीच नाही.

अपमानाला 'विशेष सोय' म्हणा. ओक्लाहोमा विद्यापीठाने १९४८ मध्ये, कोर्टाने कान पिळल्यावर, जॉर्ज मॅक्लॉरिन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला डॉक्टरेटसाठी घेतलं. बसायला वर्गाशेजारची खोली, लायब्ररीत पोटमाळ्यावर टेबल, कॅन्टीनमध्ये वेगळ्या वेळी वेगळं टेबल. (वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.) सुप्रीम कोर्टाने १९५० मध्ये हे थांबवलं, पण कोर्टाचं नाव काढायचं नाही असं ठरलंय ना?

अलाबामा विद्यापीठात ११ जून १९६३ रोजी राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या वाटेत दारातच उभे राहिले. 'गव्हर्नरसाहेब जातीने हजर होते' असं लिहावं.

दंगल झालीच, तर मार खाणारीला घरी पाठवा. ऑथरीन लुसी यांना याच अलाबामा विद्यापीठाने १९५२ मध्ये प्रवेश दिला आणि रंग कळताच नाकारला. कोर्टकचेऱ्या करून त्या फेब्रुवारी १९५६ मध्ये वर्गात पोचल्या. तिसऱ्याच दिवशी जमाव अंडी-दगड घेऊन अंगावर आला. निलंबित कोण झालं? लुसी! म्हणे त्यांच्याच सुरक्षेसाठी. वकिलांनी विद्यापीठावर जमावाशी संगनमताचा आरोप केला, तर त्याबद्दल कायमचं काढून टाकलं. ती हकालपट्टी रद्द व्हायला १९८८ उजाडलं, एम.ए. मिळायला १९९२. बरं, २०२२ मध्ये इमारतीला नाव द्यायचं ठरलं, तेही कुणाच्या जोडीला? कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे पुढारी राहिलेले माजी गव्हर्नर बिब ग्रेव्ह्ज यांच्या! एकाच पाटीवर! लोकांनी बोंब मारली तेव्हा कुठे ग्रेव्ह्ज उतरले. पाटी लागली आणि आठवड्याच्या आत लुसी गेल्या.

पुरे झाला उपरोध. अहो, दार तुम्ही उघडलं नाहीत, आतून रेटून धरलं होतंत. अंडी त्या मुलीने खाल्ली, कोर्टाचे खेटे वकिलांनी घातले, आणि पुस्तिकेत मिरवता तुम्ही! मॅक्लॉरिन यांची खुर्ची कुठे होती ते छापा. लुसी यांना काढणाऱ्या विश्वस्तांची नावं छापा. जागा नसेल, तर फुटबॉल स्टेडियमची चार पानं कमी करा.