पुरस्कार द्या, पण आधी स्टेजला रॅम्प करा

3 डिसेंबर जवळ आला की आमच्या सांगली-मिरजेत सत्कारांची लगबग सुरू होते. जागतिक दिव्यांग दिन. संयुक्त राष्ट्रांनी 1992 साली ठरवलेला हा दिवस आता तालुक्या-तालुक्यात साजरा होतो, याचा मला मनापासून आनंद आहे. यंदा एका मंडळाने मला पुरस्काराच्या निवड समितीत घेतलंय. मी स्वतः पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावून चालतो, तेव्हा जे वाटतं ते मोकळेपणाने लिहितो.

आलेली शिफारसपत्रं वाचली. सगळ्यांचा सूर एकच. परिस्थितीवर मात केली, कुणापुढे हात पसरला नाही, जिद्दीला सलाम. माणसं गुणाचीच आहेत. पण त्यातल्या एका बाईंना कॉलेजचे तीन मजले रोज बसून, सरकत का चढावे लागले आणि त्या कॉलेजात आज तरी लिफ्ट आहे का, हे कुणीच लिहिलेलं नाही. सोसल्याचं कौतुक करून आपण घरी जातो आणि पुढच्या वर्षी तेच सोसणारा दुसरा शोधतो.

मला वाटतं, ज्याच्यामुळे दुसऱ्या दिव्यांगाची वाट मोकळी झाली, त्याला हा पुरस्कार मिळावा. तो स्वतः दिव्यांग असो वा नसो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कारांत नोकरी देणाऱ्यांसाठी आणि अडथळामुक्त वातावरण करणाऱ्यांसाठी वेगळे गट आहेत. दिल्लीची एनसीपीईडीपी ही दिव्यांगांच्या रोजगारासाठीची संस्था हेलन केलर या अंध-कर्णबधिर लेखिकेच्या नावाने पुरस्कार देते, तो या क्षेत्रात काम करणाऱ्यांना. या संस्थेचं काम उभं करणारे जावेद अबिदी स्वतः व्हीलचेअर वापरायचे आणि 1995 चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा व्हावा म्हणून रस्त्यावर उतरले होते. हा विचार आपल्या तालुक्याच्या पुरस्कारांत का येऊ नये?

आमच्याकडच्या ढिगात एक अर्धं पान होतं. जत तालुक्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेचं नाव कुण्या पालकाने पाठवलंय. बाईंनी शाळेच्या संडासाचं दार काढून रुंद बसवलं, ते बाहेर उघडेल असं केलं, भिंतीला आडवा पाइप ठोकून घेतला. बस्स, एवढंच. पण त्यामुळे चाकाच्या खुर्चीतली एक मुलगी पूर्ण वेळ शाळेत बसायला लागली. आधी ती मधल्या सुट्टीत घरी जायची ती परत यायचीच नाही, आणि सकाळपासून पाणीही प्यायची नाही. माझं मत या बाईंना. समितीतल्या एकांना हे काम 'किरकोळ' वाटलं. दिवसभर तहान मारून बसणं काय असतं ते ज्याला ठाऊक आहे, तो याला किरकोळ म्हणणार नाही.

वैयक्तिक पराक्रमाचा सत्कार नकोच, असं मी म्हणत नाही. तो वेळेवर व्हावा. आपल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले, आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली 2018 ला. 46 वर्षांनी! अर्जुन पुरस्कार तर जानेवारी 2025 मध्ये, त्याच यादीत आटपाडीकडच्या करगणीचा सचिन खिलारी होता, 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य मिळवणारा. सचिनला चार-पाच महिन्यांत मिळालं. एकाच जिल्ह्याचे दोघे, एकाच यादीत. हा बदल आपोआप आलेला नाही, त्यासाठी बरेच जण भांडले आहेत.

आता कार्यक्रमाच्या जागेबद्दल. सत्काराच्या हॉलमध्ये चौघं जण सत्कारमूर्तीला खुर्चीसकट उचलून स्टेजवर ठेवतात आणि लोक टाळ्या वाजवतात. उचलताना माणूस जीव मुठीत धरून बसलेला असतो, त्याला विचारा. रॅम्पचा हिशोब अवघड नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. स्टेज तीन फूट असेल तर छत्तीस फूट लागतात. जागा नसेल तर वळवून घ्या, नाहीतर कार्यक्रम खालीच सतरंजीच्या पातळीवर करा, पाहुण्यांसकट. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पायरीवर सिमेंटचा उतार ओतलेला असतो, वर गुळगुळीत फरशी आणि तोंडाशी लावलेली मोटरसायकल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी इमारतींना पाच वर्षांची मुदत दिली होती, ती कधीच उलटली. 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येण्याचे, निकष नुसते सल्ल्यादाखल चालणार नाहीत, बंधनकारक हवेत.

म्हणून मंडळाला मी कळवलंय: समितीत निम्मे सदस्य दिव्यांग हवेत, त्यात कर्णबधिर आणि अंधही. कार्यक्रमाला सांकेतिक भाषेचा दुभाषा हवा. शाल-श्रीफळाचा खर्च कमी करा, त्यात दुभाष्याचं मानधन निघतं. आणि गेल्या वर्षी ज्या संस्थेला गौरवलं तिथे यंदा जाऊन बघा, ते काम चालू आहे का. पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. बाकीच्या गोष्टींवर रविवारी बैठक आहे, आणि मी त्या सोडणार नाही.

सांगली-साताऱ्यात कुणी दुकानाची पायरी काढली असेल, कर्णबधिर मुलाला कामावर घेऊन पूर्ण पगार देत असेल, ग्रामपंचायतीचा पाच टक्के दिव्यांग निधी खरोखर दिव्यांगांवर खर्च करत असेल, तर नाव आणि गाव कमेंटमध्ये लिहा. काय बदललं ते दोन ओळींत सांगा. फोटो पाठवणार असाल तर दाराचा पाठवा, सत्काराचा नको.