तलाव नाही, की माहीत नाही?

घरांच्या किमतींचा डेटा लोड करणे हे एका ओळीचे काम आहे, असे ज्या ज्या शिकवणीत सांगतात त्या त्या शिकवणीत फाइल आधीच योग्य जागी येऊन बसलेली असते. माझी विंडोजच्या डाउनलोड्समध्ये होती. तिथला पत्ता उचलून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला दिला, तर उत्तर आले की युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत, गडबड आहे. साध्या फोल्डरच्या पत्त्यात युनिकोड कुठून आला? तर ‘सी’ आणि कोलननंतर एक उलटी तिरकी रेघ येते, तिच्यापुढे ‘युजर्स’मधला यू येतो, आणि ही जोडी दिसली की पायथनला वाटते, आता एखाद्या अक्षराचा आठ अंकी क्रमांक येणार. येतो ‘सर्स’. मग बिनसते. पत्त्याच्या आधी एक छोटासा आर लावला की सगळे शांत. एवढा एक आर शिकवणीवाल्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितला असता, तर जगातली बरीच चिडचिड वाचली असती.

डेटा मात्र खानदानी निवडला होता. पूर्वी घरांच्या किमतींचा अंदाज बांधायला शिकताना सगळे बॉस्टनच्या घरांकडे जात. हॅरिसन आणि रुबिनफेल्ड यांच्या 1978 च्या शोधनिबंधातून आलेल्या 506 ओळी. त्यात वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून गणित करून तयार केलेला एक स्तंभ होता, आणि तो नेमका काय आहे हे न वाचता कित्येकांनी तो अंदाज बांधणाऱ्या मॉडेलला भरवला. सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीने 1.2 आवृत्तीत तो संचच काढून टाकला, ते बरेच झाले. त्याला पर्याय म्हणून डीन डी कॉक या प्राध्यापकांनी 2011 मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एम्स शहराचा संच पुढे आणला. 2006 ते 2010 मध्ये तिथे विकली गेलेली घरे. कॅगल या डेटाच्या स्पर्धा घेणाऱ्या संकेतस्थळावर त्याची स्पर्धेची आवृत्ती मिळते: मॉडेलच्या सरावाला 1460 घरे, परीक्षेला 1459. स्तंभ 81.

81 स्तंभ म्हणजे घराची कुंडलीच. कौले कसली, तळघर किती उंच, शेकोट्या किती, गॅरेजपुढची वाट डांबरी की मातीची. फाइल उघडली, रिकाम्या जागा मोजल्या आणि थक्क झालो. पोहण्याच्या तलावाची प्रत, म्हणजे दर्जा, या स्तंभात 1460 पैकी 1453 जागा रिकाम्या! साहेब मागून डोकावले आणि म्हणाले, “अहो, हा डेटा फाटका दिसतोय. दुसरा घ्या.”

डेटा फाटका नव्हता. सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये स्वच्छ लिहिले होते की ‘एनए’ म्हणजे तलाव नाही. लिहिणाऱ्याने ठामपणे लिहिले: नाही. पांडाजने, म्हणजे पायथनमध्ये असे तक्ते वाचणाऱ्या लायब्ररीने, ते वाचले आणि समजूत करून घेतली: माहीत नाही. पांडाजचा स्वभावच असा आहे की ‘एनए’ ही दोन अक्षरे दिसली की तो त्या जागेला हरवलेली समजतो. घराला मागची गल्ली नाही, कुंपण नाही, शेकोटी नाही, तळघर नाही. सगळ्या नकारांची त्याच्याकडे एकच नोंद, बेपत्ता. आता एम्समधल्या एखाद्या माणसाला आपल्या अंगणात तलाव आहे की नाही हे माहीत नसेल, असे कसे होईल?

याला उपाय आहे. वाचतानाच सांगायचे, बाबा रे, तुझ्या मनातले अर्थ काढू नकोस, लिहिले आहे तसे वाच. पण तसे सांगितले की तो रस्त्यालगतच्या रुंदीच्या स्तंभातसुद्धा ‘एनए’ तसेच ठेवतो, आणि तिथे 259 जागी ते खरोखरच ‘माहीत नाही’ असते. शिवाय एवढी अक्षरे शिरल्यामुळे अख्खा आकड्यांचा स्तंभ मजकूर होऊन बसतो आणि त्याची सरासरी मागितली की हात वर करतो. म्हणजे एकाच फाइलमध्ये, त्याच दोन अक्षरांनी, एका स्तंभात नाही म्हणायचे आणि शेजारच्या स्तंभात खांदे उडवायचे. स्तंभागणिक निवाडा करत बसावे लागते. मी बसलो.

त्यातही तलावांनी छळले. सराव आणि परीक्षा दोन्ही फाइली एकत्र केल्या, तर तीन तलाव असे निघाले की ज्यांना क्षेत्रफळ आहे पण प्रत नाही. पाणी आहे, चांगले की वाईट ते नोंदवलेले नाही. आयोवातल्या तीन अनोळखी तलावांच्या दर्जाविषयी मी दुपारभर जितका विचार केला, तितका त्यांत पोहणाऱ्यांनीही केला नसेल.

गॅरेजची गोष्ट वेगळी. 81 घरांना गॅरेज नाही, त्यामुळे गॅरेज बांधल्याचे वर्षही नाही. इथे ‘नाही’ असा शब्द लिहावा तर आकड्यांचा स्तंभ बिघडतो. शून्य भरले. सरासरी काढली, तर एम्समधले सरासरी गॅरेज 1869 च्या आसपास बांधलेले निघाले. कार्ल बेंझ यांना त्यांच्या मोटारीचे पेटंट मिळाले 1886 मध्ये! शून्याऐवजी घर बांधल्याचे वर्ष भरावे तर 81 जणांना आपण फुकट गॅरेज बांधून दिल्यासारखे होते. परीक्षेच्या फाइलमधले एक गॅरेज तर 2207 सालचे आहे. घर 2006 चे, दुरुस्ती 2007 ची, गॅरेज अजून दोनशे वर्षांनी. टंकताना एक बोट घसरले असणार हे उघड आहे, म्हणून ते 2007 केले. पण करताना जरा वाईट वाटले. एवढ्या सगळ्या फाइलमध्ये भविष्याचा विचार करणारा तो एकटाच होता.

मग सरासऱ्यांचा तक्ता मागवला. घराचा प्रकार या स्तंभाची सरासरी आली 56.9. मी मान डोलावली, आणि मग माहितीची फाइल पुन्हा उघडली. तिथे 20 म्हणजे 1946 नंतरचे एकमजली घर, 50 म्हणजे दीड मजली, 60 म्हणजे 1946 नंतरचे दुमजली आणि 190 म्हणजे दोन कुटुंबांसाठी बदलून घेतलेले. हे आकडे नव्हतेच, आकड्यांच्या वेषातली नावे होती. 56.9 चा अर्थ लावायचाच तर एम्समधले सरासरी घर साधारण पावणेदोन मजली ठरते. पांडाजला यात काहीच वावगे वाटले नाही. आकडा दिसला की सरासरी काढणे हा त्याचा धर्म. तो स्तंभ मजकूर म्हणून जाहीर केला, तेव्हा कुठे ती सरासरी बंद झाली.

साहेब पुन्हा आले. “ग्राफ झाला का हो?”

ग्राफ झाला होता, आणि त्यात दोन ठिपके सगळ्यांपासून फटकून उभे होते. एक घर 4676 चौरस फुटांचे, 1,84,750 डॉलरला गेलेले. दुसरे 5642 चौरस फुटांचे, अख्ख्या फाइलमधले सर्वांत मोठे, आणि गेले 1,60,000 डॉलरला. किमतींच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या घराची किंमत 1,63,000 डॉलर. म्हणजे सर्वांत मोठे घर मधल्यापेक्षा स्वस्त. साहेब म्हणाले, “असे घर मला सांगा ना कुठे मिळते ते.” डी कॉक यांनीच याचा खुलासा करून ठेवला आहे: हे अर्धवट विक्रीचे व्यवहार असावेत, त्यांतून खरा बाजारभाव कळत नाही, तेव्हा 4000 चौरस फुटांवरची घरे काढून टाका. सल्ला सोपा आहे, पण पाळायला गेलो तर 7,45,000 आणि 7,55,000 डॉलरची दोन चोख भावाची घरेही त्याच रेषेपलीकडे निघाली. शेजारी स्वस्तात गेले म्हणून यांना का हाकलायचे? मी दोघांना ठेवले, दोघांना काढले. संख्याशास्त्राचे लोक याला लबाडी म्हणतील. म्हणोत.

उरलेली कामे भराभर झाली. किमतींचा लॉग, म्हणजे लॉगॅरिथम, घेतला, कारण महागड्या घरांची शेपटी फार लांब होती. मजकुराच्या स्तंभांतल्या प्रत्येक पर्यायाचा वेगळा शून्य-एकचा स्तंभ केला, तर 81 चे अडीचशेच्या वर गेले. त्यांतला एक स्तंभ पाणी आणि सांडपाणी दोन्हींची सोय नसलेल्या घरांचा, आणि सबंध सरावात असे घर एकच. परीक्षेत एकही नाही. त्यामुळे दोन्ही फाइलींचे स्तंभ जुळेनात, ते जुळवले.

शेवटी सगळा स्वच्छ डेटा सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, जतन केला. रिकाम्या जागी मी विचारपूर्वक इंग्रजी ‘नन’ लिहिले होते, ‘एनए’ नको म्हणून. खात्रीसाठी फाइल परत उघडली. पहिलीच गोष्ट म्हणजे डावीकडे ‘अननेम्ड’ नावाचा एक स्तंभ न बोलावलेल्या पाहुण्यासारखा बसला होता. तो ओळींचे क्रमांक घेऊन आला होता. आणि तलावांच्या जागा पुन्हा बेपत्ता! पांडाजच्या 2.0 आवृत्तीपासून ‘नन’ शब्दसुद्धा हरवलेल्यांच्या यादीत गेला आहे. त्या नादात मूळ फाइलमधल्या दर्शनी दगडकामाच्या स्तंभातल्या रिकाम्या जागाही 8 वरून 872 वर जातात, कारण तिथे दगडकाम नसलेल्या घरांपुढे तोच शब्द आहे.

मग मी सरळ देवनागरीत ‘नाही’ लिहिले. जतन केले, उघडले. नाही म्हणजे नाही. पांडाजला मराठी येत नसल्याने अर्थ काढण्याचा प्रश्नच आला नाही. फाइल साहेबांना पाठवली. त्यांनी ती एक्सेलमध्ये उघडली, तर ‘नाही’च्या जागी डोक्यावर टोप्या आणि ठिपके घातलेली परदेशी अक्षरे, स्तंभच्या स्तंभ भरून.

“हे तलावाचे नाव आहे का?” साहेबांनी विचारले.

अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीच्या नावापुढे ‘सिग’ लावून, म्हणजे एक्सेलला ती पद्धत ओळखता यावी अशी खूण फाइलीच्या सुरुवातीला घालून, फाइल पुन्हा जतन केली आणि त्यांना परत पाठवली.