पान नंबर ३७

काल संध्याकाळपासून मी घरात कोणाशी बोलत नाहीये. बायकोच्या हे अजून लक्षात आलेलं नाही, त्यामुळे ते चालू ठेवावं की सोडून द्यावं, हे कळत नाही.

झालं असं की मी एक पटकथा लिहिली. तीन वर्षं लागली. त्यातली अडीच वर्षं पटकथा कशी लिहावी हे मोठमोठ्या पटकथाकारांच्या आयुष्यातून शिकण्यात गेली. उरलेल्या सहा महिन्यांत शिकलेलं सगळं आठवत-आठवत लिहिलं. नोव्हेंबर आला, इफ्फी या चित्रपट महोत्सवासाठी पणजी मुंबईच्या माणसांनी भरली आणि एका निर्मात्याचा माणूस फोनवर म्हणाला, "हार्ड कॉपी आणून द्या, बघतो." म्हणून परवा सकाळी फोंडा बाजारात एका झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन उभा राहिलो.

घरच्या कॉम्प्युटरवर पटकथा ११८ पानांची होती. दुकानातल्या पोराने फाईल उघडली आणि म्हणाला, "तुमचो फॉन्ट ना हांगा." त्याने दुसरा लावला. पानं झाली १३१.

आता हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. तो इंग्रजी टाइपरायटरच्या ठरावीक अक्षरावर बसवलेला आहे, आपल्या वेलांट्या-उकारांना तो मुळात लागूच होत नाही, पण मी तो पाळला होता. सिड फील्ड नावाच्या अमेरिकन गुरुजींनी १९७९च्या आपल्या पुस्तकात सांगून ठेवलंय की गोष्टीला पहिलं मोठं वळण पंचवीस ते सत्तावीस पानांच्या आसपास यावं. माझं बरोबर सव्विसाव्या पानावर होतं. ते तिथे आणायला मी एका निष्पाप मावशीचे दोन प्रसंग कापले होते. पोराने फॉन्ट बदलल्याबरोबर वळण एकोणतिसाव्या पानावर गेलं आणि सिनेमा तेरा मिनिटांनी वाढला. मावशी फुकट गेली.

"इतली जागा रिकामी कित्याक?" पोराने विचारलं. पटकथेत संवाद मधोमध असतात, दोन्ही बाजूंना समास सोडतात. पोराला हा कागदाचा नाश बघवेना. "दोन पानां एका कागदार घालूं? ६६ कागद जातले. पयशे वाटावतले." म्हणजे दोन तास अकरा मिनिटांचा सिनेमा सहासष्ट मिनिटांवर. मी नको म्हणालो. एका पानाला तीन रुपये, एकूण ३९३. विजय तेंडुलकरांची पटकथा असलेल्या 'मंथन'साठी १९७६ साली गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून दिले होते. माझ्या पानाला तीन पडत होते आणि तेही माझ्याच खिशातले.

तेवढ्यात हयातकाका आले.

नाव मी दिलेलं. सत्तरी उलटलेली, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले होते. दुकानात शिरताच त्यांनी जाहीर केलं, "बालका, मी जिवंत आहे, याच्या दोन प्रती काढ!" आवाज असा की पलीकडच्या भुसारी दुकानातल्या माणसाने मान वळवली. अंत्रुजातल्या, म्हणजे आमच्या फोंडा भागातल्या, देवळांच्या जत्रांतून चाळीस वर्षं मराठी नाटकं केलेला माणूस. आमच्याकडे असे पुष्कळ आहेत. घरात कोंकणी, पण चारचौघांत तोंड उघडलं की पल्लेदार मराठी. ते भाजीसुद्धा टाळीची वाट बघत घेतात.

माझी पानं मशीनमधून एकेक करून बाहेर पडत होती. काका शेजारी उभे होते. गरम भजं उचलावं तसं त्यांनी एक पान उचललं.

"आऽऽत!" काका गरजले. "स्वयंपाकघर! रात्रऽऽ!"

दुकान गप्प झालं. काका पेटीने सूर धरावा म्हणून थांबल्यासारखे थांबले. मग माझ्याकडे वळून खासगीत म्हणाले, "हे कोण म्हणतो?"

"कोणी म्हणत नाही काका. प्रसंग कुठे घडतो त्याची सूचना आहे."

"मग नेपथ्य म्हणा ना." त्यांनी पुढे वाचलं. "आई सुंगटं सोलते आहे. मुलगा दारात. आई वर बघत नाही." (सुंगटं म्हणजे कोळंबी.) पान उलटं केलं. मागे कोरं. "पुढे?"

"पुढे ती सोलतच राहते."

"बोलत नाही?"

"नाही."

"मुकी आहे?"

"नाही हो."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "नटी आली नाही का आयत्या वेळी? आमचीही एकदा बस चुकली होती. म्हणजे नटीची. मग आम्ही राणीला मौनव्रत दिलं. दोन अंक. लोकांना फार आवडलं."

"मग राणी झालं कोण?"

"मीच. मिशी होती, म्हणून डोक्यावरून पदर. घसा बसला होता, म्हणून मौन."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण अडीच वर्षांचा अभ्यास उसळून आला. म्हटलं, काका, सिनेमात सांगायचं नसतं, दाखवायचं असतं, सगळे मोठे लेखक हेच सांगतात. पात्राच्या हाताला काम द्यायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

"दाखवायचं कुणाला?" काका म्हणाले. "मंडपाच्या टोकाला खाज्याची पुडी हातात घेऊन उभा असलेल्याला तुमचं सुंगट दिसणार आहे? त्याला ऐकू आलं पाहिजे!"

मी बिली वाइल्डर काढला. ऑस्ट्रियातला माणूस, अमेरिकेत उतरला तेव्हा धड इंग्रजी येत नव्हतं, तरी सहा ऑस्कर घेतले. तो सांगून गेलाय की तिसऱ्या अंकात अडचण आली, तर खरी अडचण पहिल्या अंकात असते.

"चूक," काका म्हणाले. "तिसरा अंक पहाटे चारला असतो. निम्मा मंडप आडवा. काहीही करा. एका जत्रेत आम्ही तिसरा अंक केलाच नाही, सरळ भैरवी घेतली. अजूनपर्यंत कोणी विचारलेलं नाही." मग जरा थांबून, "नाटकं किती केली त्यांनी?"

"सिनेमे काका. ते सिनेमे लिहायचे."

"असो."

म्हटलं, निदान आपल्यातलं नाव सांगावं. गदिमांनी किती पटकथा लिहिल्या! शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' त्यांनीच लिहिलेला, १९५७चा. "गीतरामायणवाले?" काका चमकले. "ते कशाला असल्या भानगडीत पडतील?" आणि इथे मला खरोखर राग आला, तो काकांचा नव्हे. गाणं लिहिलं की माणूस घरोघरी जातो. पटकथा लिहिली तर ती त्याने लिहिली होती हे चाहत्यालाही पटवून द्यावं लागतं. १९७३ साली 'जंजीर'च्या पोस्टरांवर सलीम-जावेदांची नावं नव्हती. त्यांनी आपला माणूस मुंबईभर पाठवून ती रंगवून घेतली, रंगवणाऱ्याने जागा दिसेल तिथे फासली, नटाच्या नाकातोंडावरही. ही गोष्ट वाचून मी पूर्वी हसलो होतो. परवा दुकानातल्या पोराने माझ्या पहिल्या पानावर, बरोब्बर माझ्या नावाच्या डोक्यावर, निळ्या बॉलपेनने '३९३ बाकी' लिहिलं, तेव्हा आलं नाही हसू.

थोरांच्या आयुष्यातून शिकायचं तरी काय काय? हॉलिवूडचा पटकथाकार डाल्टन ट्रम्बो रात्री बाथटबात बसून लिहायचा, पुढ्यात फळी टाकून. आमच्याकडे न्हाणी आहे. मी प्लास्टिकचं स्टूल घेऊन दोन रात्री बसलो. दुसऱ्या रात्री बायकोने दारावर थाप मारून विचारलं, "ओव्याचं पाणी देऊ?" तिथलाच दुसरा पटकथाकार विल्यम गोल्डमन सांगतो की या धंद्यात कोणालाच काही कळत नाही. हे सांगायला त्याने जाडजूड पुस्तक लिहिलं. मी ते विकत घेतलं, दोनदा वाचलं, खुणा केल्या.

असो. (हा काकांचा लागला.)

रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला आलेली एक बाई इतका वेळ पिशवी छातीशी धरून ऐकत होती. तिने काकांच्या हातातल्या पानाकडे बोट दाखवलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "सोमारा सुंगटां?"

"काय?" मी.

"फाटल्या पानार मंगेशीची पालखी आसा न्हय? म्हणजे सोमार. सोमारा सुंगटां कोण सोलता?"

फाटलं पान म्हणजे मागचं पान. मला एकदम घाम आला. पान ३६ वर पालखीचा प्रसंग आहे. मंगेशीला पालखी दर सोमवारी निघते. तो मी हौसेने घातला होता, दिवट्यांचा उजेड, वाजंत्री, गर्दीत हरवलेला मुलगा. पान ३७ वर तो मुलगा त्याच रात्री घरी येतो आणि त्याची फोंड्यातली देवभोळी आई सोमवारी सुंगटं सोलत बसलेली आहे. तीन वर्षं. अठरा वेळा लिहून काढलेलं. वाइल्डर, गोल्डमन, फील्ड, सगळ्यांच्या चाळणीतून गेलेलं. माझ्या स्वतःच्या घरात सोमवारी फ्रीजमधला मासळीचा डबासुद्धा उघडत नाहीत.

दुकानात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पोराने मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं. काकांनी मात्र हात वर केला.

"बाई, थांबा. म्हणूनच ती बोलत नाही! पोराने सोमवारी सुंगटं आणली. सोलून तर देते, पण तोंडातून शब्द काढत नाही. आईच ती." आवाज एकदम खाली आला होता, पहिल्यांदाच. "वर बघत नाही, ते त्यामुळे."

बाईने विचार केला आणि मान डोलावली. "मागीर जाता," म्हणाली. मग चालेल.

हे मला सुचलं नव्हतं. माझी आई गप्प होती, कारण पुस्तकात तिला गप्प ठेवायला सांगितलं होतं. काकांची आई रागावली होती. मी पैसे दिले, पानं गोळा केली आणि आभार न मानता बाहेर पडलो. हे मी मुद्दाम सांगतो आहे, नंतर कोणी काकांची बाजू घ्यायला नको.

काल पणजीला गेलो. निर्मात्याच्या माणसाने मला पाऊण तास उभं ठेवलं, मग एका हाताने पटकथा घेऊन पत्ते पिसावेत तशी पानं उलटली. "गोव्याची आहे ना? समुद्र कुठेय?" म्हटलं, फोंड्याची आहे. फोंड्याला समुद्र नाही. नद्या आहेत, देवळं आहेत, कुळागरं आहेत. "अच्छा," तो म्हणाला, जणू समुद्र मीच उचलून दुसरीकडे ठेवला होता. यांच्या गोव्यात समुद्र, बाटली आणि झिंगलेला एक विनोदी माणूस एवढंच असतं, आणि तो विनोदी माणूस आम्ही. मी पन्नास वर्षं इथे राहतो. संध्याकाळी सातला आम्ही डुलत नसतो, आम्ही लाइटचं बिल भरायचं राहिलं म्हणून भांडत असतो.

मग तो एका पानावर थांबला. "हा कोण? हीरो?"

३६ आणि ३८च्या मध्ये हयातकाकांच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती. फोटोत काका पल्ला घेण्याच्या बेतात असल्यासारखे दिसत होते.

"चेहरा चांगला आहे," तो म्हणाला. "तुम्ही असं करा, सॉफ्ट कॉपी मेल करून टाका." आणि ३९३ रुपये माझ्या हातात परत दिले. म्हणजे कागद.

संध्याकाळी फोन वाजला. माझा नंबर काकांनी दुकानातल्या पोराकडून मिळवला होता.

"लेखकमहाशय, एक घोटाळा झालाय. तुमचं पान माझ्या कागदांत गेलं. मी बँकेत देऊन आलो."

"मग परत मागा की."

"मागितलं. घेतलेले कागद परत देता येत नाहीत म्हणे. शिक्का मारलाय, 'मिळाले'. फाईल वर गेली." जरा खाकरले. "आणि प्रत्येक कागदावर सही लागते, तेव्हा तुमच्या पानावरही मीच केलीय. खाली, डाव्या बाजूला."

कम्युनिस्ट म्हणून हॉलिवूडने काळ्या यादीत टाकलेल्या ट्रम्बोने टोपणनावाने लिहिलेल्या कथेला १९५७ साली ऑस्कर मिळालं, ते घ्यायला तो जाऊ शकला नाही. पुतळा हातात पडायला १९७५ उजाडलं. मी हे काकांना सांगणार होतो, पण त्यांनी विचारलं असतं, नाटकं किती केली.

"त्या बाईचं मी दुरुस्त करून घेतलंय हं," काका म्हणाले. "सुंगटांच्या पुढे कंसात लिहिलं, 'मुलाने आणलेली'. माझ्या पेनाने."

"पान मला हवं होतं हो काका."

"पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा जायचंच आहे, तेव्हा मागून बघतो," काका म्हणाले. "असलो तर."