चिपवरचं यकृत आणि वाटेत मुरणारं औषध

‘आता प्राण्यांवरच्या चाचण्या बंद, सगळं चिपवर’ अशा पोस्टी फिरतायत. बंद वगैरे काही झालेलं नाही. मार्च 2023 मध्ये आपल्याकडच्या नियमांत दुरुस्ती होऊन ऑर्गन चिपला, म्हणजे बारीक वाहिन्यांत माणसाच्या अवयवाच्या पेशी वाढवलेल्या छोट्या पट्टीला, प्राणिचाचण्यांच्या शेजारी जागा मिळाली, एवढंच. गरज मात्र खरी. 1993 साली अमेरिकेत फियालयुरिडीन या औषधाच्या चाचणीत 15 पैकी 5 हिपॅटायटिस बी रुग्ण दगावले; प्राण्यांत त्याचा हा धोका दिसलाच नव्हता. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांत) हे औषध आत घेणारं वाहक प्रथिन असतं, उंदरांच्या नसतं. मग उंदीर हजार वापरा नाहीतर लाख.

पण चिपचा रिपोर्ट हातात आला की आधी बघायचं ते हे : पेशींपर्यंत औषध पोचलं किती?

बऱ्याच चिप पीडीएमएसच्या, म्हणजे पारदर्शक सिलिकॉन रबराच्या असतात. त्यातून ऑक्सिजन आरपार जातो, म्हणून अधाशी यकृतपेशींना त्या मानवतात. मात्र तेलात विरघळणारे छोटे रेणू हेच रबर शोषून घेतं, डब्याच्या प्लास्टिकमध्ये हळद मुरते तसं. समजा बाटलीत औषध 10 मायक्रोमोलर (तीव्रतेचं एकक) घातलं आणि पेशींना 2च मिळालं, तर विषारी औषधसुद्धा आरामात पास! म्हणून आधी पेशी न भरलेल्या चिपमधून तेच द्रावण ताशी 30 मायक्रोलिटर वेगाने 72 तास सोडावं, बाहेर पडलेला द्रव दर 24 तासांनी मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजावा. औषध फारच घटलेलं दिसलं तर डोस वाढवत बसू नये, चिपचं मटेरियल बदलावं.

उलटी चूक बुडबुड्यांची. थंड मीडियममध्ये, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवात, हवा जास्त विरघळलेली असते. 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ती सुटते आणि केसाएवढ्या वाहिनीत अडकते. पेशी उपाशी मरतात किंवा खरवडून निघतात, अल्ब्युमिन (यकृतपेशी बनवतात ते प्रथिन) घसरतं आणि खापर औषधावर! मीडियम तासभर 37 अंशांवर ठेवून मग व्हॅक्यूमखाली गाळलं की हा त्रास बराच टळतो. शिवाय नुसतं डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात ते द्रावक) दिलेल्या चिप तुलनेसाठी सोबत हव्यातच, त्याही एक-दोन नव्हे.

2022च्या मोठ्या अभ्यासात 870 लिव्हर-चिपवर 27 औषधं तपासली गेली : विषारींपैकी 87 टक्के पकडली, निर्धोक एकही अडकवलं नाही. आकडे दमदार आहेत, पण औषधं 27च. आणि फियालयुरिडीनचं विष चढायला काही आठवडे लागले होते. तीन दिवसांत आटोपलेल्या चिपवर ‘सुरक्षित’ असा शिक्का दिसला, तर निदान बाहेर पडलेल्या द्रवातल्या औषधाचा तक्ता तरी मागून घ्या.